आंबरखोलचा तरता धोंडा

आंबरखोलच्या पुळणीवर मधोमध एक काळा धोंडा बसलेला आहे. आजूबाजूला दुसरा दगड नाही, नुसती वाळू. कडा तर बराच लांब. एवढं धूड इथवर आलं कसं, असं आम्ही विचारलं, तेव्हा गावातल्या चंद्रीआत्या त्याला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तरत आलं. बसा, सांगते."

यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं या किनाऱ्याला लागत, त्या काळची ही गोष्ट, असं सांगतात. फुटलेल्या गलबतावरचा फिलोन नावाचा एक यवन गावात राहिला होता. त्याच्या देशात त्याच्या लढायांची लांबच लांब कवनं गात, म्हणे. इथे मात्र तो होड्या दुरुस्त करी आणि पोरी त्याच्या बोलण्याला हसत.

कड्याखालच्या गुहेत ओहोटीला बायका खडकाला चिकटलेली शिंपल्यांची कालवं काढायला जात. एकदा धाकू तांडेलाची लेक वेसू एकटीच आत असताना वरून धोंडा सुटला आणि गुहेच्या तोंडात बसला. फटीतून तिचा हात तेवढा बाहेर येई. भरतीला ती गुहा छतापर्यंत भरते, हे सगळ्यांना ठाऊक. अख्ख्या गावाने दोर लावून ओढलं. धोंडा हलला नाही.

फिलोन त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, "ओढू नका. मोठ्या होड्या आणा."

धोंड्याच्या दोन्ही अंगांना, ओल्या वाळूतच, त्याने होड्या लावल्या. त्यांच्यावर डोलकाठ्या आडव्या बांधल्या. धोंड्याला काथ्याचे दोर आवळून ते त्या काठ्यांना ताणून जखडले. आणि मग तो चक्क खाली बसला.

"आता रे?" धाकूने विचारलं.

"आता पाणी येऊ दे."

"अरे मेल्या, पाण्यानेच मरेल ना ती!"

धाकू कोयता घेऊन दोर तोडायला धावला. तेवढ्यात आतून वेसू ओरडली, "बा, थांब! तुझ्या ओढण्याने काय झालं ते बघितलं. आता त्याचं बघू दे!"

पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. काठ्या करकरल्या. होड्या वजनाने इतक्या दबल्या की लाटा काठावरून आत येऊ लागल्या. वेसूचा आवाज थांबला. धाकूने डोळे मिटून घेतले. आणि तेव्हा, म्हणे, तळाशी काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला आणि धोंडा वीतभर वर उचलला गेला. फिलोन किंचाळला, "आता ओढा!" होड्या धोंड्यासकट बाजूला सरकल्या, आणि फेसातून वेसू खोकत बाहेर आली. बापाच्या गळ्यात पडून पहिलं काय बोलली, तर "माझी टोपली आत राहिली." आधी धाकू हसला, मग सगळा गाव रडता रडता हसला.

होड्यांना लटकलेला धोंडा भरतीने पुळणीपर्यंत आणला. तिथे दोर कापले.

आजही आंबरखोलात नवी होडी कोणी पाण्यात ढकलत नाही. ओहोटीला ती वाळूत ठेवायची आणि घरच्यांनी भोवती बसून राहायचं. पाणी पायांना लागतं, जीव वरखाली होतो, पण उठायचं नाही. भरतीने होडी आपसूक उचलली, की आधी बापाने हसायचं. मग बाकीच्यांनी.