धुरपा बुरडिणीचा माळ

एक होता राजा. पण त्याला आत्ता बसू दे तिकडे सिंहासनावर, त्याचं काम पुढे आहे. आधी ऐका धुरपाची गोष्ट. ए शमे, पाय आत घे पांघरुणात, नाहीतर गोष्ट बंद.

धुरपा होती बुरडीण. रानातून बांबू आणायचा, कोयत्याने चिरायचा, कामट्या काढायच्या आणि टोपल्या विणायच्या. बाजाराच्या दिवशी टोपल्या देऊन दाणे घ्यायचे, ते खायचे, संपले की पुन्हा विणायचं. तिची आईही जन्मभर हेच करत आली. मग एक दिवस आईचे हात थरथरायला लागले. विणणं सुटलं. आणि बरं का, जिने अख्ख्या गावाला टोपल्या दिल्या, ती आपलीच एक टोपली घेऊन दारोदार मागत फिरली. धुरपाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आई गेली, टोपली मागे राहिली. ती तिने खुंटीला टांगून ठेवली होती. काम करता करता नजर तिकडे गेली की तिच्या मनात यायचं, उद्या माझे हात थकले की मीही अशीच फिरणार का?

एकदा काय झालं, धुरपा रानात गेली. एका जुनाट वेळूवर तिने कोयता उगारला, तर वेळू म्हणाला, "थांब, पोरी."

कोयता गळूनच पडला हातातून. थोडक्यात अंगठा वाचला. इकडे बघते, तिकडे बघते, कोणी नाही. बोलतोय तो वेळूच!

वेळू म्हणाला, "मला तोडलंस तर या आठवड्याचं पोट भरेल. माझ्या जातीचा कोंब लावलास तर म्हातारपणाचं भरेल. दर बाजाराला एका टोपलीचे दाणे खाऊ नकोस. ते रानाच्या राखणदाराला दे, त्याच्याकडून मुळासकट कोंब घे आणि घरामागच्या माळावर लाव. कमाई वाढली की कोंबही वाढव. मधेच उपटून बघायचं नाही, आणि एकही बाजार चुकवायचा नाही."

मग धुरपा घरी आली ती धापा टाकतच. नवऱ्याला सांगितलं. नवरा होता म्हादू, मनाने चांगला, पण भुकेला कच्चा. तो म्हणाला, अगं, इथे आपल्यालाच पुरत नाही आणि तू माळाला जेवू घालतेस? बाजाराच्या दिवशी धुरपाने पहिला कोंब लावला. त्या आठवड्यात दोघं पेज पिऊन राहिली.

आता पेजेवर किती दिवस राहणार? तुम्ही राहाल? एक दिवस भाजी आवडली नाही तर तोंडं फुगतात तुमची. धुरपाने विचार केला, खाणं कमी करून करून किती करणार, कमाईच वाढवली पाहिजे. मग ती पलीकडच्या गावात एका म्हातारीकडे जाऊन बसली आणि सुपं विणायला शिकली. सुपाला दाणे जास्त मिळाले. धुरपाने कोंबही जास्त लावले. मग ती धान्याच्या कणग्या शिकली. मग पाळणे शिकली, असे की बाळ रडायचं विसरेल. म्हादूला वाटलं, चला, आता रोज पुरणपोळी. पुरणपोळी झालीही, नाही असं नाही. पण आधी कोंब, मग पुरण.

आणि माळ? माळावर काय होतं, ऐका. काही नव्हतं. नुसत्या गुडघाभर काड्या. वर्षं गेली तरी काड्याच. लोक येता-जाता हसायचे. पोरं विचारायची, धुरपाकाकू, या काड्यांनी दात कोरायचे का? धुरपालाही वाईट वाटायचं. एखादा कोंब उपटून बघावा असं फार वाटायचं. पण ती हात मागे घ्यायची.

मग गावात आला एक वेलवाला. त्याच्याकडे होतं जादूचं बी. आज पेरा, उद्या छपरावर वेल आणि वेलीला सोन्यासारखे भोपळे! गाव वेडं झालं. लोकांनी घरातल्या कणग्या रिकाम्या केल्या. आमच्या म्हादूने काय करावं? त्या आठवड्याच्या कोंबांचे दाणे गुपचूप नेऊन दिले की वेलवाल्याला! सकाळी बघतात तो खरंच, छपरांवर वेली आणि वेलींना पिवळेधमक भोपळे. लोक नाचायला लागले. दुपारचं ऊन आलं आणि सगळं मान टाकून सुकलं. भोपळा फोडावा तर आत नुसता वारा. वेलवाला कधीच पसार झाला होता. सगळं गाव कपाळाला हात लावून मटकन खाली बसलं. म्हादूला तर रडूच कोसळलं. धुरपा त्याच्यावर ओरडली नाही. तिने हातातला अर्धा पाळणा विणून संपवला, तो बाजारात नेला आणि त्या दिवसाचे कोंब लावले.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. धुरपाचे केस पिकले. आणि एका सकाळी तिने कोयता उचलला, तर बोटं मिटेनात. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. धुरपा आपल्या हातांकडे बघतच राहिली, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. म्हादू चूल पेटवत होता, तो तसाच थिजला. ज्याची जन्मभर भीती, तेच दारात येऊन उभं.

घरातले दाणे संपले. मग धुरपाने खुंटीवरची टोपली काढली. आईची टोपली, बरं का. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि माळावरच्या वाटेने निघाली मागायला.

माळाच्या मधोमध आली आणि पायाखालची जमीन हलली. धुरपा दचकून मागे सरली. तिथून एक कोंब वर आला. सरसर, सरसर, डोक्याएवढा, झाडाएवढा! मग दुसरा, मग दहा, मग मोजणार कोण! धुरपाने तोंडावर हात ठेवला, टोपली गेली घरंगळत. अरे, इतकी वर्षं त्या काड्या झोपा काढत नव्हत्या. मुळं पसरवत होत्या आत, माळाखालून, गावाखालून, पार राजवाड्यापर्यंत!

आणि आता आला आपला राजा. सिंहासनावर बसून दूध पीत होता. खालून आला एक जाडजूड कोंब. सिंहासन उचललं आणि चालला वर! राजा छताला टेकला, मुकुट गेला पारव्यांच्या घरट्यात, दूध प्रधानाच्या डोक्यावर. सगळा दरबार आ वासून वर बघतोय.

शिपायांनी धुरपाला आणलं. तिला वाटलं, आता मान तरी जाणार नाहीतर माळ तरी. तिने वेळूला हात लावला आणि हळूच म्हणाली, "बाबा, खाली घे त्यांना." वेळू वाकला. राजा अलगद खाली.

प्रधानाने डोक्यावरची साय पुसली आणि म्हणाला की राजवाड्याखाली उगवलं ते सगळं राजाचं. तो हे बोलला मात्र, सिंहासन करकर करत पुन्हा उठायला लागलं. राजाने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि ओरडला, "तिचं आहे! सगळं तिचंच आहे!"

मग काय, मांडवाला बांबू हवा, घराला हवा, राजाच्या पालखीला हवा, सगळे धुरपाकडे येऊ लागले. तोडावेत तेवढे नवे उगवायचे. धुरपा अंगणात हात मांडीवर ठेवून बसायची. हातांना काही काम नव्हतं, आणि पोट भरलेलं होतं. आईची ती टोपली तिने शोधून आणली आणि रोज सकाळी कोंबांनी भरून दारात ठेवू लागली. ज्याला लावायचा असेल त्याने न्यावा. पहिला कोंब म्हादूने उचलला, ते बघून धुरपाला हसू आवरेना.

सगळी सुखात राहिली. राजासुद्धा. फक्त तो अजून बसण्याआधी सिंहासनाखाली वाकून बघतो.

तुम्हीही बघा पाहिजे तर अंथरुणाखाली. काही नाही ना? मग मिटा डोळे. शमे, पाय आत.