चहात न बुडवलेलं पत्र

“सगळ्या मुलांना जमतं, मग हिलाच का जमत नाही, उस्ताद?”

वृंदानं धाकट्या मुलीबद्दल विचारलं. उस्तादांचे दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात होते. गवताच्या काड्यांची चटई त्यांनी लगद्याच्या पाण्यात आडवी बुडवली, हलकेच वर घेतली, पाणी निथळू दिलं... चटईवर सायीसारखा कागदाचा पातळ थर जमला.

“मी तिला सगळं सोपं करून दिलं. पुठ्ठा कापून दिला. डिंकानं हात चिकट होतात म्हणाली, तर कणकेची खळ करून दिली. तरी नाही म्हणजे नाही.”

चटई पुन्हा पाण्यात गेली.

वृंदा केळुसकर हौदाच्या कडेला थांबली. हौदात लगदा असेपर्यंत यासीन उस्ताद हात बाहेर काढत नाहीत, मग समोर कुणी का येईना, हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी खुलताबादच्या वाटेवरच्या या कारखान्यात आठ दिवस राहून ती हातकागद करायला शिकली होती. त्या आठ दिवसांच्या बळावर ती उस्तादांना गुरू म्हणायची, आणि चारचौघांत जरा मोठ्यानंच म्हणायची.

तशी बाई कर्तबगार. दोन्ही मुलींना शाळेतून काढून तिनं घरी शिकवायला घेतलं, तेव्हा नाशिकच्या सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. आज तेच लोक तिचे फोटो एकमेकांना पाठवत होते. इतिहास घोकायचा नाही, हातानं घडवायचा, हा तिचा बाणा. मातीच्या मुद्रा, पुठ्ठ्याचे बुरूज, चिंध्यांच्या पगड्या. बघता बघता चाळीस घरं तिच्या मागोमाग हेच करू लागली. आता तिचं पुस्तक छापायला जायचं होतं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत वाक्य होतं : ‘इतिहास हातांनी शिकता येतो, आणि प्रत्येक मुलाला तो जमतो.’

त्या वाक्याखाली तिला उस्तादांची सही हवी होती.

आणि नेमका त्याच वाक्याला तिच्या घरातून सुरुंग लागला होता.

धाकटी कनक, वय वर्षं नऊ. बोलायला लागल्यापासून ‘का’ आणि ‘मग काय झालं’ म्हणून आईला भंडावून सोडणारी. पण गेला महिनाभर ही पोर इतिहासाचं नाव काढलं की तोंड मिटून बसायची. परवा तिनं विचारलं, “आई, मी ढ आहे का?” तेव्हाच वृंदानं तिला उस्तादांकडे आणायचं ठरवलं.

“थोरलीचं बघा तरी,” असं म्हणत वृंदानं बरोबर आणलेलं खोकं उघडलं. कौतुक झाकून ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. “हा अनघाचा किल्ला. खंदकसुद्धा केलाय. ही मुद्रा. हिच्यावरच्या बैलाचं शिंग बघा, अकरा वर्षांच्या मुलीचं काम आहे!”

उस्तादांनी मान वाकवून नीट पाहिलं. बैलाच्या शिंगावर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

“हात चांगलाय पोरीचा,” ते म्हणाले. “खरंच चांगलाय.”

वृंदा दोन बोटं उंच झाली.

“आणि ही पत्रं. किल्ल्याला वेढा पडलाय, आत अडकलेल्या शिपायाच्या बायकोनं माहेरी लिहिलेलं पत्र. चाळीस घरांत एकाच दिवशी केलं आम्ही.”

कागद तपकिरी होते. कडा मेणबत्तीवर धरून जाळलेल्या, वर लाखेचा लाल ठिपका. उस्तादांनी नाक जवळ नेलं.

“चहा?”

“हो. चहात बुडवला की कागद जुना दिसतो.”

“हं...” उस्ताद मिशीत हसले. “मी जुन्या चिंध्यांचा नवा कागद करतो. तू नव्याचा जुना कर. चालू दे.”

वृंदाही हसली, पण तिला ते थोडं लागलं.

“धाकटीचं कुठंय?”

वृंदानं खोक्याच्या तळातून एक कागद काढला. पांढराशुभ्र. ना डाग, ना जळकी कड, ना एक अक्षर.

“हे बघा. दोन तास नुसती बसून होती. बुडवला नाही, लिहिलं नाही. हट्टीपणा, दुसरं काय?”

“बोलाव तिला.”

कनक बाहेर ओसरीवर होती. भिंतीला चिकटवून वाळत घातलेले कागद ती हात न लावता बघत होती. आत आली आणि आईपासून चार पावलं लांब उभी राहिली.

“काहून गं पोरी, बुडीवला नाहीस कागद?”

कनकनं आईकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

“बोल. माझ्यासमोर तुझी आई तुला काय बी म्हणणार नाही.”

“...त्या बाईनं लिहिलं त्या दिवशी तो कागद नवाच असेल ना?”

उस्तादांची चटई पाण्यातच थांबली.

“जुना तर तो नंतर झाला. आणि किल्ल्यात खायचे हाल होते, मग चहा कुठून आणणार? तेव्हा चहा होता तरी का?”

“बरं,” उस्ताद म्हणाले. “नव्या कागदावर लिहायचं होतंस की मग.”

“काय लिहू? त्या बाईला लिहिता येत होतं की नाही, तेच मला माहीत नाही.”

वृंदा खोक्यातली पत्रं उलटसुलट करू लागली.

“तिला येत नसेल तर दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलं असेल. मग त्या माणसासमोर तिला सगळं खरं सांगता आलं असेल का? भीती वाटते, असं सांगितलं असेल का? मी आईला विचारलं होतं.”

“मग? काय म्हणाली आई?”

“आई म्हणाली, आधी कागद बुडव.”



उस्तादांनी चटई बाजूला ठेवली. दोन्ही हात हौदातून बाहेर काढले. लगदा अजून अर्ध्याहून जास्त होता. पलीकडे कागद दगडानं घोटून गुळगुळीत करत बसलेला त्यांचा मुलगा करीम दगड हातात तसाच धरून बघत राहिला. बापाला असं मधेच उठताना त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

उस्तादांनी हात पुसले, कनकसमोर जमिनीवर बसले आणि वृंदाला म्हणाले, “सांग तिला. येत होतं का त्या बाईला लिहायला?”

चाळीस घरांना शिकवणाऱ्या वृंदाचे कान लाल झाले. बुरुजाची उंची तिला पाठ होती. दरवाजाला खिळे किती, तोफा किती, सगळं पाठ होतं.

“...मला माहीत नाही, उस्ताद.”

“मला बी नाही,” उस्ताद म्हणाले. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

वृंदा खोक्याशेजारी खाली बसली. काय करावं ते न सुचून तिनं पर्समधून पुस्तकाचं पहिलं पान काढलं आणि पेनासकट पुढे केलं. “सहीसाठी आणलं होतं,” एवढंच कसंबसं म्हणाली.

उस्तादांनी पान घेतलं. छपाईकडे पाहिलंच नाही. कानाजवळ नेऊन फडफडवलं, आवाजावरून कागदाचा कस पाहिला, आणि नाक मुरडून मांडीवर ठेवलं.

कनक त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

“आजोबा, तुम्हाला लिहिता येतं?”

“कनक!” वृंदा ओरडली.

उस्ताद मोठ्यानं हसले. खूप वेळ हसले.

“नाही, पोरी. साठ वर्षं झाली कागद करतोय. एक अक्षर येत नाही.”

वृंदानं पुढे केलेलं पेन मागे घेतलं. आठ दिवस ती या माणसाच्या शेजारी बसली होती. पाणी किती, लगदा किती, चटई कशी धरायची, सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. एवढं मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

“मग तुम्हाला पत्र आलं तर?”

“माझी बहीण वाचायची. जैनब. कधी हौदाला हात नाही लावला तिनं. लगद्याची किळस यायची तिला. अख्खा मोहल्ला तिला आळशी म्हणायचा.” उस्तादांनी मांडीवरचं पान सरळ केलं. “मी बी म्हणायचो.”

“आणि मोहल्ल्यातल्या बाकीच्यांची पत्रं?”

“तीच वाचायची, लिहून बी तीच द्यायची. सगळ्यांची.”

“तिच्यासमोर खरं सांगायचे का सगळे?”

उस्तादांचे डोळे भरून आले. ते लपवायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. “हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले, आणि मग मुलीला सांगत बसले. कोण रडायचं, कोण अर्धंच सांगून उठायचं, कुठल्या सुनेनं काय लपवलं. कनक पुढे सरकत सरकत त्यांच्या गुडघ्याशी येऊन टेकली. तिचे प्रश्न संपेनात. महिनाभर दाबून ठेवलेले सगळे ‘का’ एकदमच बाहेर पडत होते.

वृंदा ऐकत होती. आपल्या मुलीचा तिला अभिमान वाटला. अनघाच्या किल्ल्याचा वाटायचा तेवढाच हा होता, पण हा फोटो काढून कुणाला पाठवता येणार नव्हता. ‘ढ नाहीस गं तू,’ ती मनात म्हणाली, आणि मग मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांसमोर.

कनकनं वळून पाहिलं. “मग मी कागद नाही बुडवला तर चालेल?”

“चालेल.”

वृंदानं उस्तादांच्या मांडीवरचं पान उचललं. ‘प्रत्येक मुलाला’ या शब्दांवर तिनं आडवी रेघ मारली. त्यांच्या जागी काय लिहायचं, ते मात्र तिला सुचेना.

“उस्ताद,” शेवटी ती म्हणाली, “थोरलीच्या हातात माती देते, कात्री देते. हिच्या हातात मी काय देऊ?”

उस्ताद उठून हौदाशी गेले होते. बाह्या सरसावून त्यांनी हात पुन्हा पाण्यात घातले, लगदा ढवळला... आणि मान वर न करता म्हणाले,

“काही देऊ नको, बेटी. भरल्या हातानं आलीय ती.”