टाकीवरचा टिळा

खारेवाडीच्या तरीला, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीला, पेट्रोलचं इंजिन बसलं ते सरपंच दाजीसाहेबांमुळे. इंजिनाचे उपकार मानायला ते रोज सकाळी टाकीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचा जाड टिळा थापायचे. तरी भर खाडीत इंजिन धापा टाकून बंद पडायचंच.

एकदा होडीत दाजीसाहेब पत्नी अनसूयाबाईंसह होते, तेव्हाही तेच झालं.

"बाबुती, उद्यापासून तू घरी बस!" दाजीसाहेब गरजले.

होडीवाला बाबुती रडवेला झाला. "मालक, टाकी भरलेली आहे. झाकण उघडलं की चालतं, लावलं की पुन्हा धाप."

हे ऐकून अनसूयाबाईंनी केसातला आकडा काढला आणि झाकणावरचा टिळा खरवडला. त्याखाली टाकीत हवा जायचं बारीक भोक निघालं. बाबुतीने दोरी ओढली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं.

"पूजेचं कुंकू खरवडलंस?" दाजीसाहेब भडकले.

"अहो, तुमचाही गावाने सत्कार केला होता," अनसूयाबाई म्हणाल्या. "पण टिळा कपाळाला लावला, नाकपुड्या नव्हत्या बुजवल्या!"

सगळी होडी हसली. शेवटी दाजीसाहेबही हसले.

दुसऱ्या दिवशी टिळा इंजिनाच्या अंगावर लागला, झाकण मोकळं राहिलं. आणि उरलेलं कुंकू दाजीसाहेबांनी बाबुतीच्या कपाळाला लावलं.