आहेराचे प्रवाळ

एकदा एका सागरतीरावरच्या नगरात एका व्यापाऱ्याने आपल्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय उभारले. त्याची निगा त्याने जलजीवांच्या एका वृद्ध अभ्यासकाकडे सोपवली होती. वृद्धासोबत त्यांचा एक शिष्यही येई. काही वर्षांच्या जोपासनेने काचेआड प्रवाळांची जांभळी-हिरवी बाग फुलली, आणि नगरातले लोक ती पाहण्यासाठी वाट वाकडी करून येऊ लागले.

व्यापाऱ्याच्या कन्येचा विवाह नुकताच झाला होता. तिच्या सासूबाईंनी या बागेची कीर्ती ऐकून आहेर म्हणून एक दुर्मीळ निळे प्रवाळ पाठवले. सोबत निरोप होता की सुनेला घेऊन त्या लवकरच येणार आहेत आणि आपला आहेर बागेत शोभताना पाहणार आहेत.

शिष्याने प्रवाळ उजेडात धरून सर्व बाजूंनी न्याहाळले. त्यावर कुठे डाग नव्हता, कुठे रंग उडालेला नव्हता. ते बागेच्या मध्यभागी ठेवावे, असे त्याने सुचवले. वृद्धाने त्याला आधी एका परातीत औषधी पाणी तयार करण्यास सांगितले. प्रवाळ त्या पाण्यात हलवताच नखाएवढे चपटे किडे सुटून तळाशी पडले. त्यांचा रंग अगदी प्रवाळासारखाच निळा होता. शिष्य चकित झाला. याच प्रवाळावरून त्याची दृष्टी क्षणापूर्वी फिरली होती.

“ज्याला खातात, त्याचाच रंग त्यांच्या अंगात उतरतो,” वृद्ध म्हणाले. “म्हणून ते दिसत नाहीत.”

आता तरी प्रवाळ शुद्ध झाले, असे म्हणून शिष्य ते उचलू लागला. तेव्हा वृद्धाने एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी कातर घेऊन प्रवाळाच्या फांद्या त्याच्या रुंद, सुबक बैठकीपासून छाटून वेगळ्या केल्या. बैठक एका बरणीत टाकली. फांद्या साध्या दगडी चकत्यांवर चिकटवल्या आणि मागल्या पडवीत, मोरीशेजारी, एका उघड्याबोडक्या काचपात्रात ठेवून दिल्या. त्या पात्राला दिवा निराळा, पंप निराळा, चिमटाही निराळा. त्यात बुडालेला हात धुतल्याशिवाय दिवाणखान्यातल्या पाण्याला लावायचा नाही, अशी ताकीदही त्यांनी दिली.

व्यापारी हे पाहून अस्वस्थ झाला. “गुरुजी, प्रवाळ आम्ही बोटात घालतो. खड्याला कसला आलाय आजार?”

“बोटातले मेलेले असते, शेठजी. संस्कृतात प्रवाल म्हणजे कोवळा अंकुरही. हे त्या अर्थाचे आहे.”

“असेल. पण आहेर मोरीशेजारी दिसला, तर बोल माझ्या लेकीला लागेल. तिला त्या घरात नांदायचे आहे.”

शिष्याला व्यापाऱ्याची दया आली. विहीणबाई येतील तेवढ्यापुरते प्रवाळ बागेत ठेवून नंतर काढून घ्यावे, असा मार्ग त्याने सुचवला. वृद्धाने नकारार्थी मान हलवली आणि त्या आल्या की आपल्याला बोलवावे, इतकेच सांगितले.

विहीणबाई आल्या, पण त्यांच्या येण्याआधीच चाकरमाणसांकडून वार्ता त्यांच्या कानी गेली होती. त्या बसल्या नाहीत, पाणीही घेतले नाही. थेट पडवीत जाऊन त्यांनी ते पात्र पाहिले. सून त्यांच्या मागे खाली मान घालून उभी राहिली.

“व्याहीबुवा,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आमचा आहेर वाळीत टाकलात म्हणे. पसंत नव्हता, तर परत धाडायचा. मोडून मोरीपाशी कशाला ठेवायचा?”

व्यापाऱ्याने वृद्धाला आणि शिष्याला बोलावून घेतले. वृद्धाने बरणीतली बैठक काढून उलटी केली आणि विहीणबाईंच्या हाती भिंग दिले. बैठकीच्या तळाशी, खाचेत, बारीक तपकिरी अंडी दाटीने चिकटलेली होती.

“औषधाने किडा मरतो,” वृद्ध म्हणाले, “पण अंड्याला कवच असते, त्याच्या आत औषध पोहोचत नाही. म्हणून ही बैठक काढावी लागली. फांद्यांवर एखादे अंडे राहिले असेल, तर ते इथे फुटेल आणि आम्हाला दिसेल. बागेत फुटले असते, तर जुनी सारी प्रवाळे या किड्यांनी खाल्ली असती, आणि त्यांच्याबरोबर आपले हेही. त्या बागेत औषध ओतता येत नाही. ज्या सूक्ष्म जीवांवर ते पाणी जगते, तेही त्याने मरतात. जे करायचे, ते आत घेण्यापूर्वीच करावे लागते.” मग ते विहीणबाईंकडे वळले. “बाई, आपण ‘वाळीत’ म्हणालात. तो शब्द इथे लागू पडत नाही. वाळीत टाकलेल्याची कोणी वाट पाहत नाही. शेठजींची कन्या प्रथम आपल्या दारी आली, तेव्हा आपण तिला उंबरठ्याबाहेर थांबवले, पायांवर पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून दूर टाकला. तिला थांबावे लागले, पण शेठजींनी त्यात अपमान मानला नाही, कारण आत तिच्यासाठी माप भरून ठेवलेले होते. हे प्रवाळही उंबरठ्यावर आहे.”

विहीणबाईंनी भिंगातून पुन्हा एकदा पाहिले. मग भिंग सुनेच्या हाती देत म्हणाल्या, “बघ, किती बारीक आहेत. आणि माझ्यासाठी पाणी आण.” व्यापाऱ्याकडे वळून त्यांनी पुढे सांगितले, “हे माप ओलांडेल, त्या दिवशी निरोप धाडा. मी येईन.”

मंडळी दिवाणखान्यात गेल्यावर पडवीत शिष्य एकटाच उरला. उचलाउचलीत कडेला सरकलेली फांदी नीट ठेवण्यासाठी तो काचपात्रावर वाकला. तळाच्या काचेवर एक निळा ठिपका होता. तो हळूहळू सरकत होता.

शिष्याने गुरूंना हाक मारली नाही. त्याने परात घेतली, निराळा चिमटा घेतला आणि औषधाचे माप घालू लागला.