शिंकेचा ठराव

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नकाशे नव्हते, म्हणून ही पाच राज्ये नेमकी कुठे होती ते मला विचारू नका. एक डोंगरावर होते, एक खाडीकाठी, एक वाळवंटात, एक दाट जंगलात आणि एक या सगळ्यांच्या मधल्या मैदानावर. पाचही राज्यांत हत्ती मात्र उदंड होते. ओंडके ओढायला हत्ती, बांधाचे दगड रचायला हत्ती, राजाला मिरवायला हत्ती.

राज्ये एकमेकांना हत्ती उसने देत आणि तिथेच घोटाळा होई. प्रत्येक राज्यातले माहूत हत्तींशी आपापल्या शब्दांत बोलत. खाडीकडचा माहूत डोंगरातल्या हत्तीला ‘थांब’ म्हणाला, की तो आणखी जोरात चालू लागे आणि थेट हलवायाच्या दुकानात जाऊन उभा राही. यात हत्तीचा काय दोष? तुम्ही जे सांगता ते तो करतो. तुमच्या मनात काय होते, त्याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

म्हणून पाच राज्यांनी मिळून एक सभा नेमली. वर्षातून एकदा सीमेवरच्या वडाखाली प्रत्येक राज्याचा एक जाणता माहूत येई आणि हत्तींशी बोलायची सगळ्यांची एकच भाषा कशी असावी, ते पाचजण मिळून ठरवत.

या सभेचा रिवाज मोठा मजेशीर होता. हात वर करणे नाही, मते मोजणे नाही. ठराव वाचून झाला की ज्याला तो मुळीच सोसवणार नाही, त्याने उभे राहायचे. मग बाकीच्यांनी त्याची समजूत घालायची, नाहीतर ठराव बदलायचा. जोवर एकही माणूस उभा आहे तोवर ठराव झाला नाही. आणि ठराव झाल्याखेरीज पाने वाढायची नाहीत. त्यामुळे अवघडातले अवघड मतभेद साधारण जेवणाच्या सुमारास मिटत.

काही मिटत नसत ते नसतच. समोर उचलण्यासारखे काहीच नसताना माहुताने नुसते ‘उचल’ म्हटले, तर हत्तीने काय करावे? यावर वर्षानुवर्षे घसे कोरडे झाले आणि अखेर ‘हत्तीची मर्जी’ असे ठरले. त्याच साली खाडीकडच्या एका हत्तीने कोतवालालाच उचलले. कोतवालाने सभेकडे तक्रार केली. सभेने पूर्ण विचारांती कळवले, की हत्तीच्या हातून कोणताही नियमभंग झालेला नाही.

या सभेत डोंगरी राज्याकडून रायाजी येत असे. बुद्धीने तल्लख, बोलण्यात चोख, आणि एखादा नियम लिहिला तर मुंगीला शिरायला जागा ठेवणार नाही असा. सभेची भाषा हेच त्याचे आयुष्य झाले होते. तिच्यातले सगळे त्याला आवडे. एकच गोष्ट डोळ्यांत खुपे. ती म्हणजे शिंक.

हत्तीला खाली बसवायचे असेल तर माहुताने आधी शिंकावे आणि मग ‘बस’ म्हणावे, असा नियम होता. खरी शिंक येत नसेल तर खोटी काढावी. हा नियम काही कुणी विचार करून केलेला नव्हता. ज्या गुरूने सगळ्यांत आधी हत्तींना शिकवले, त्याला बारमाही पडसे होते. तो दर वेळी आधी शिंके आणि मग हुकूम सोडी. हत्तींना वाटले, शिंक हा हुकुमाचाच अर्धा भाग आहे. पुढे गुरू गेला, त्याचे पडसे गेले, शिंक मात्र राहिली.

हसू नका. राजदरबारात तिचा केवढा ताप होता, ते तुम्हाला ठाऊक नाही. राजाची स्वारी वाजतगाजत यायची. पुरोहितांनी काढलेल्या मुहूर्तावर हत्ती बसवायचा, की माहूत फाडकन शिंकायचा! लगेच पुरोहित कपाळावर हात मारून घेत, शुभकार्याच्या तोंडावर शिंक झाली म्हणून नवा मुहूर्त शोधत. नव्या मुहूर्तावर माहूत पुन्हा शिंके. एका युवराजाचे लग्न या भानगडीत पुढल्या हंगामावर गेले.

रायाजीने ठराव मांडला, “शिंक काढून टाकावी. नुसते ‘बस’ पुरे.”

पहिल्या साली चौघेही उभे राहिले. वाळवंटवाला म्हणाला, “आमच्याकडे धुळीने तशाही शिंका येतात, आमचं काही अडत नाही.” जंगलवाला म्हणाला, “शिंक काढा, पण त्याऐवजी खोकला ठेवा.” मैदानवाला म्हणाला, “आधी शिंक कशाला म्हणायचं ते तरी ठरवा. नाकातल्या नाकात दाबलेली धरायची की नाही?” मग शिंकेची व्याख्या करायला एक उपसभा बसली. तिने पुढच्या साली येऊन सांगितले, की शिंक ओळखता येते पण सांगता येत नाही.

रायाजी हटला नाही. तो दर साली नवा मसुदा आणी, प्रत्येक हरकतीला उत्तर देई. एकेक जण खाली बसू लागला. शेवटी उभा राहिला तो एकटा खाडीकडचा म्हातारा माहूत. त्याला सगळे काका म्हणत.

काका म्हणाले, “रायाजी, बाबा रे, नवी पिल्लं शिकतील नुसत्या ‘बस’वर. पण जुन्या हत्तींचं काय? तुझ्या काजळीचं काय?”

काजळी ही रायाजीची हत्तीण. ती लहान असताना रायाजीही लहान होता. तो तिच्या चार पायांमध्ये लपंडाव खेळला होता आणि तिला पहिला हुकूम त्यानेच शिकवला होता. आता दोघांचीही वये झाली होती. बांधाच्या कामावर दगड घसरून काजळीचा मागचा एक पाय दुखावला होता, तेव्हापासून तिला फार वेळ उभे राहवत नसे.

“शिकेल की, काका,” रायाजी म्हणाला. “हत्ती हुशार असतात. चार दिवस लागतील फार तर.”

काकांना पटले नव्हते. पण गुडघे कुरकुरत होते, आणि पलीकडे आचाऱ्याने नुकतीच वरणाला फोडणी दिली होती. काकांनी एकदा तिकडे पाहिले, एकदा रायाजीकडे पाहिले आणि ते हळूच खाली बसले.

ठराव झाला! त्या आनंदाच्या भरात रायाजीने आणखी एक कलम घालून घेतले : यापुढे जो माहूत हत्तीला बसवताना शिंकेल, त्याला या सभेत पुन्हा कधीही जागा मिळणार नाही, मग तो कोणीही असो.

नव्या नियमाने पहिला हत्ती डोंगरी राजाच्या वाड्यापुढे बसवायचा ठरले. बाकीचे चौघे साक्षीला बरोबर आले. राज्याच्या वेशीवर काजळी झूल पांघरून तयार होती. रायाजी तिच्या मानेवर बसला आणि ताशे वाजत मिरवणूक वाड्यापुढे आली. गच्चीत राजा उभा होता. पुरोहित तर इतके खुशीत होते, की त्यांनी वर्षातला सगळ्यांत नाजूक मुहूर्त काढला होता.

मुहूर्ताची घटका भरली. रायाजीने छाती पुढे काढून हुकूम दिला, “बस!”

काजळीने कान टवकारले आणि ती तशीच उभी राहिली. अर्धेच वाक्य ऐकलेल्या माणसासारखी ती उरलेल्या अर्ध्याची वाट पाहू लागली.

“बस!” रायाजी पुन्हा म्हणाला. मग प्रेमाने म्हणाला, मग दरडावून म्हणाला, मग तिच्या कानात वाकून म्हणाला. काजळीने सोंड वळवून त्याच्या नाकापाशी नेली आणि काळजीने हुंगून पाहिले. गर्दीत खसखस पिकली.

मुहूर्त टळला. पुरोहित निघून गेले. राजा जरा वेळ थांबला, मग जेवायला गेला. कुणीतरी शिडी आणली, पण रायाजी कडाडला, “शिडी न्या ती! हत्ती बसेल आणि मगच मी उतरेन. सभेचा नियम आहे हा!” लोकांनी बांबूच्या टोकाला भाकरी बांधून वर पोचवली. त्याने ती वरच खाल्ली.

आता तुम्ही म्हणाल, काजळी आपणहून का बसली नाही? कारण पाठीवर माणूस असताना हुकुमावाचून बसायचे नाही, हेही तिला लहानपणी रायाजीनेच शिकवले होते. ती ते विसरली नव्हती.

ऊन कलले तशी रायाजीची बायको साळूबाई काजळीसाठी गूळभाकरीचे गोळे घेऊन आली. काजळीने गोळ्यांना सोंड लावली नाही. साळूबाईने तिच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या पायापाशी थबकली आणि वर पाहून म्हणाली, “अहो, हिचा पाय बघा.”

“शिकेल ती. जरा दम धर.”

“पाय बघा म्हणते मी! थरथरतोय नुसता.”

रायाजी मानेवरून वाकला, पण त्याला पाय दिसेना.

साळूबाई म्हणाली, “तुमच्या सभेचा रिवाज तुम्हीच मला घोकून सांगता ना? एक जरी उभा असला तरी ठराव झाला नाही म्हणून?”

“हो. मग?”

“मग ही सकाळपासून उभी आहे. हिला कधी विचारलंत?”

रायाजीने मान वर केली. समोर चौघे साक्षीदार बसले होते. आता शिंकावे तर वडाखालची जागा गेली, कायमची गेली. ज्या भाषेत आयुष्य घातले, तिच्यातला एक शब्दही यापुढे त्याला विचारून ठरणार नव्हता. तेवढ्यात काजळीचे अंग खालून हलल्यासारखे झाले. तिने दुखरा पाय उचलला, पुन्हा टेकवला, आणि एवढे होऊनही कान टवकारून ती त्याच्या हुकुमाची वाट पाहत राहिली.

रायाजीला रडू कोसळले. त्या रडण्यातच तो शिंकला. शिंक खरी होती की खोटी, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते. ती वाड्याच्या पार मागच्या अंगणात ऐकू गेली.

“बस गं, बाई माझी,” तो म्हणाला.

काजळी अशी खाली बसली, की साक्षीदार धुळीने पांढरे झाले. रायाजी उतरला. तो राजाच्या गच्चीकडे वळला नाही, की साक्षीदारांकडेही वळला नाही. तिचा पाय मांडीवर घेऊन चेपत राहिला.

मैदानवाल्याने घसा साफ केला. “नियमभंग झाला,” तो म्हणाला.

“झाला,” रायाजी म्हणाला. “कलम माझंच आहे. मला ठाऊक आहे ते.”

काका धूळ झटकत उठले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मला उभं राहायचं होतं रे. वरणाच्या वासाने बसलो.”

पुढल्या साली वडाखाली काका पहिल्यापासूनच उभे राहिले. वरण झाले, भात झाला, दोन्ही थंड झाले, तरी ते बसले नाहीत. अखेर सभेने ठरवले, की नव्या पिल्लांना नुसते ‘बस’ शिकवावे, पण जे हत्ती शिंकेवर शिकले आहेत, त्यांच्यासाठी माहुताने ते जिवंत असेतोवर खुशाल शिंकावे. आणि यापुढे प्रत्येक ठराव आधी त्या त्या राज्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या हत्तीपुढे करून पाहावा, मगच सभेत वाचावा.

रायाजीला परत घ्यावे असे सगळ्यांनाच वाटत होते. त्यांनी ते कलम उलटसुलट वाचले, पण त्याने ते इतके चोख लिहिले होते, की त्याला आत घ्यायला फट सापडेना. रायाजी पुन्हा कधी वडाखाली बसला नाही. त्याचे त्याला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पण डोंगरी राज्यातली सगळ्यांत म्हातारी हत्तीण काजळी होती. त्यामुळे दर साली सभेचे दूत मोठमोठे मसुदे घेऊन रायाजीच्या अंगणात येत आणि ते एकेक करून तिच्यापुढे म्हणून दाखवत. तिने ऐकले, तर मसुदा पुढे जाई. तिने नाही ऐकले, तर रायाजी दूतांना ताक देई आणि ते मुकाट्याने परत फिरत.

तात्पर्य : नियम सुंदर करायला निघण्याआधी, जुन्या नियमावर कोण विसंबून आहे ते पाहून यावे.