सोंडेची मोट

एकदा एका नदीच्या खोऱ्यात शेतीची अवजारे घडविणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. नांगर, कुळव, पाभर, जे म्हणाल ते त्याच्या हातून उतरलेले असे. त्याच्यापाशी जानबा नावाचा एक शिष्य होता. जानबा कामात हुशार, पण अबोल. त्याच्या अबोलपणाला कारण होते.

त्या काळी विहिरीचे पाणी चामड्याच्या मोटेने उपसत. एक जण बैलजोडी उतारावरून हाकी; दुसरा विहिरीच्या अगदी तोंडाशी उभा राहून, वर आलेली भरली मोट हातांनी ओढून पाटात रिकामी करी. जानबाचा बाप हैबती नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर हे काम करीत असता पाय घसरून आत पडला आणि गेला. त्या जागी पुढे दुसरा गडी उभा राहू लागला. जानबाच्या मनाने मात्र एकच ध्यास घेतला, की त्या काठावर पुन्हा कुणालाही उभे राहावे लागू नये.

वर्षानुवर्षे तो एकटा कातडी कापीत, शिवीत, उसवीत बसे. अखेर मोटेच्या तळाला त्याने हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी जोडली आणि तिला निराळी बारीक दोरी लावली. मोट वर आली की ती दोरी सोंडेला पाटाकडे खेची आणि पाणी आपसूक वाहू लागे. काठावरच्या माणसाची गरजच उरली नाही. पहिली सोंड त्याने हैबतीच्या विहिरीवर बसविली. मग गावोगावची बोलावणी येऊ लागली. लोक त्याचा सत्कार करीत, सोंडेविषयी विचारीत आणि आपापल्या कामाला लागत. जानबा रात्री वस्तीवर परते, तेव्हा त्याच्याशी बोलायला कुणी नसे.

अशात त्याच्या ध्यानात आले, की गुरू रोज सकाळी हातातले काम टाकून कुठेतरी जातात. एके दिवशी तो मागोमाग गेला. पाहतो तर म्हातारा हैबतीच्या विहिरीच्या तोंडाशी, नेमका बाप उभा राही त्याच जागी उभा! सोंड आपले पाणी ओतीत होती. म्हातारा काहीच करीत नव्हता.

जानबाने धावत जाऊन त्याचा दंड धरला.

“आबा, मागं व्हा! इथं कुणी उभं राहू नये, एवढ्यासाठी जन्म घालवला मी. माझ्या कामावर तुमचा भरवसा नाही का?”

म्हातारा निमूट चार हात मागे सरला. “जागा चुकली माझी. पण इथून बोललेलं हैबतीला नीट ऐकू जातं रे.”

“काय बोलायचं असतं त्याच्याशी?”

म्हाताऱ्याने उताराकडे पाहिले. हैबती खाली मान घालून बैल हाकीत होता.

“जानबा, या जागी उभा असलेला माणूस दोन कामं करीत होता. पाणी ओतायचं काम तू सोंडेला दिलंस. फार मोठं काम केलंस. आता कुणाचा बाप इथं बुडणार नाही. पण तो दिवसभर हैबतीशी बोलतही होता. ते काम कुणाच्या हिशेबातच नव्हतं, म्हणून ते कुणाला दिलंच गेलं नाही. गड्याला दुसऱ्या गावी काम मिळालं, तो गेला. हैबतीच्या घरात दुसरं माणूस नाही. या खोऱ्यात बी पेरणारी पाभर आली, तेव्हा ओळीनं बी टोकणाऱ्या बायका अशाच घरोघर पांगल्या. पीक वाढलं, शेतं मुकी झाली. अवजारानं श्रम वाचवावेत, तो त्याचा धर्म आहे. श्रमाबरोबर आणखी काय गेलं, हे पाहणं मात्र घडवणाऱ्याचा धर्म.”



दुसऱ्या दिवशी जानबा स्वतः विहिरीवर गेला. हैबतीने बैल थांबविले. “सोंड ठीक चाललीय,” तो घाईने म्हणाला. “काही बिघाड नाही.”

“सोंड बघायला नाही आलो, काका. बसायला आलोय.”

हैबतीने हातातल्या बैलांच्या कासऱ्याकडे पाहिले. मग बांधावर टेकत हळू आवाजात म्हणाला, “तुझा बा पडला, तेव्हा कासरा माझ्या हातात होता. मी तशीच उडी टाकली होती, पोरा. हाताला लागला नाही तो. तू येतोस, दोऱ्या तपासतोस, निघून जातोस. सांगायचं कसं?”

“आता सांगा,” जानबा म्हणाला.

हैबती सांगू लागला. आधी तो दिवस सांगितला, आणि मग त्याच्या आधीचे कितीतरी दिवस: बाप कोणत्या गोष्टीवर हसे, कुणाच्या नकला करी, जानबा जन्मला तेव्हा मोट अर्ध्यावर सोडून कसा घराकडे पळाला होता. यातले जानबाला काहीही ठाऊक नव्हते. ऊन चढले. बैल रवंथ करीत उभे राहिले. पाटातले पाणी केव्हाच थांबले होते, आणि दोघांपैकी कुणालाही उठण्याची घाई नव्हती.