मेथी आणि ग्राफिक्स कार्ड

एकदा एक ज्ञानी गुरुजी स्वतःच्याच प्रवचनात अडकले. म्हणजे पडद्यावर. "चित्त चंचल असते" एवढे म्हणून व्हिडिओ थांबला. तोंड उघडे, एक डोळा मिटलेला. व्हिडिओ तयार करणाऱ्या शिष्येने कपाळाला हात लावला. गुरुपौर्णिमेला तीन दिवस उरले होते. हा तासाभराचा व्हिडिओ चारशे माणसांपुढे दाखवायचा होता, आणि आश्रमाचा जुना लॅपटॉप रंग सुधारायला घेतला की मान टाकत होता. या वेळी जमले नाही तर पुढच्या वर्षी काम शहरातल्या स्टुडिओला, असे विश्वस्तांनी तिला बजावले होते.

अशात एक व्यापारी दोन नवे लॅपटॉप घेऊन आला.

"यातला एक आश्रमाला अर्पण करतो," तो म्हणाला. "हा पातळ. याच्यात चित्रांचं काम बघणारा भाग मुख्य प्रोसेसरच्याच घरात राहतो, मेमरीही दोघांत एकच. हा जाड. याच्यात चित्रांच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड, त्याची स्वतःची मेमरी."

जाड यंत्राचा पंखा घरघरू लागला. गुरुजींनी नाक मुरडले. "वेगळी चूल! आम्ही जन्मभर एकत्र कुटुंबाचा महिमा सांगितला. पातळच ठेवा."

"गुरुजी, नुसते फोटो असते तर मीही हेच म्हटलं असतं," शिष्या उसळली. "पण हा व्हिडिओ आहे. तीन कॅमेऱ्यांचा!"

"मुली, संयम ठेव. यंत्रालाही वेळ द्यावा."

उरलेला लॅपटॉप उद्या नेतो, असे सांगून व्यापारी गेला.

सकाळी गुरुजी बैठ्या मेजावर गुरुपौर्णिमेचे भाषण लिहीत होते. शिष्या आली. तिने मेथीच्या दोन जुड्या सरळ उघड्या वहीवर टाकल्या आणि निवडायला बसली.

"अगं, माझी वही!"

"हो की. घ्या, लिहा." तिने मेथी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. गुरुजींनी दोन शब्द लिहिले, तोच मेथी मेजावर आणि वही मांडीवर. पुन्हा वही. पुन्हा मेथी. तासाभरात गुरुजींची एक ओळ झाली, तिलाही माती लागली. मेथीही जेमतेम अर्धी जुडी झाली होती.

"वेड लागलंय का तुला? एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस!"

"एकत्र कुटुंब, गुरुजी. थोडा संयम."

व्यापारी दारात येऊन उभा होता. त्याने खोकल्याच्या मिषाने हसू लपवले. गुरुजींचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी दाढीत अडकलेले मेथीचे पान काढून जुडीवर ठेवले.

"शेटजी, पातळ घेऊन जा," ते म्हणाले. "हलकी कामं एका मेजावर सुखानं नांदतात. हिला लिंबू चिरायचं असतं तर मी वही जरा सरकवली असती. फोटोचंही तसंच असावं. पण ही दोन जुड्या घेऊन बसली. यात दोष ना माझा, ना मेथीचा, जागाच एक, त्या पातळ यंत्राच्या मेमरीसारखी. आणि काल मी हिला संयम शिकवला, तेव्हा माझं मेज मोकळं होतं."

शिष्येने आणखी चार मुद्दे घोकून ठेवले होते. ते तसेच गिळावे लागले, याचा तिला थोडा रागच आला. ती जाड लॅपटॉप उचलून निघाली, तर मागे गुरुजी वही मिटून मेथी निवडायला बसले होते.

कुणाला संयम सांगण्याआधी त्याला जागा किती दिली आहे, ते पाहावे.